साठी, बुद्धी आणि मेंदूतील दाह

घरातील वडीलधारी व्यक्ती एकच प्रश्न चारदा विचारू लागली की आपल्या मालेगावात उर्दू बोलणारे म्हणतात, 'सठिया गए हैं', आणि मराठी बोलणारे म्हणतात, 'साठी बुद्धी नाठी'. भाषा दोन, निकाल एकच. वय झाले, आता असेच चालायचे! मोसम नदीच्या दोन्ही तीरांवर या एका बाबतीत तरी पूर्ण एकमत आहे. पण याच एकमतामुळे कित्येक घरांत आजार ओळखलाच जात नाही, आणि ओळखला जातो तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

वय वाढले की थोडे विसरणे स्वाभाविक आहे. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, शेजारच्या मुलाचे नाव ओठांवर येऊन अडते. नमाजमध्ये कितवी रकात चालू आहे याचा गोंधळ तर तरुणांचाही होतो. पण चष्मा कशासाठी असतो तेच न कळणे, ज्या गल्लीत पन्नास वर्षे काढली तिथे घर न सापडणे, हिशेबात पक्के असलेल्या माणसाला शंभराच्या नोटेचे सुटे मोजता न येणे, ही वयाची लक्षणे नव्हेत. ती स्मृतिभ्रंशाची असू शकतात, आणि स्मृतिभ्रंशाचे सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा आजार.

हा आजार फक्त परदेशात असतो, हा समजही आता सोडून द्यायला हवा. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्या दर 100 जणांपैकी सुमारे 7 जणांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण आकडा 88 लाखांच्या घरात जातो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त आढळले.

एका जर्मन डॉक्टरने पाहिलेले

1901 साली जर्मनीतील फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची पन्नाशीतील स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, पतीबद्दल विनाकारण संशय येत होता, वेळ आणि जागा यांचे भान सुटले होते. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिची तपासणी बारकाईने लिहून ठेवली. 1906 मध्ये ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पेशींच्या बाहेर काहीतरी साचून पुटे तयार झाली होती आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झाला होता. पुढे कळले की पुटे अमायलॉइड नावाच्या प्रथिनाची असतात आणि गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे.

अल्झायमर यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती. मज्जापेशींच्या आजूबाजूला असणाऱ्या आधारपेशींतही बदल झाले होते. त्या नोंदीकडे पुढे अनेक दशके फारसे कोणी वळले नाही. पुटे आणि गुंते हेच दोन गुन्हेगार ठरले. तिसरा संशयित मात्र तेव्हापासून तिथेच उभा होता. त्याचे नाव दाह.

झाडूवाले आणि चौकीदार

दाह म्हणजे काय, हे सुई बोचलेल्या बोटावरून प्रत्येकाला माहीत आहे. बोट लाल होते, सुजते, ठणकते. शरीराचे शिपाई जंतूंशी लढायला तिथे धावून आल्याची ती खूण असते. काम झाले की शिपाई परततात आणि सूज उतरते.

मेंदूचे शिपाई वेगळे असतात. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. स्पेनचे शास्त्रज्ञ पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी 1919 मध्ये त्यांना स्वतंत्र ओळख मिळवून दिली. मेंदूतील दर 100 पेशींत साधारण 5 ते 10 पेशी या जातीच्या असतात. त्या झाडूवाल्याचेही काम करतात आणि चौकीदाराचेही. आपल्या बारीक फांद्या सतत हलवत त्या आसपासचा परिसर चाचपतात. मेलेल्या पेशी, जंतू, साचलेले प्रथिन, जे नको ते गिळून टाकतात.

अमायलॉइड साचू लागते तेव्हा हे झाडूवाले त्याच्याभोवती गोळा होतात आणि ते उचलायला लागतात. सुरुवातीला हे काम हिताचेच असते. पण कचरा रोजच येत राहिला तर? लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून अमायलॉइड साचत असते. इतक्या वर्षांत झाडूवाले थकतात. त्यांची उचलण्याची ताकद कमी होते, आरडाओरडा मात्र वाढतो. सायटोकाइन नावाची रसायने ते सोडत राहतात. ही रसायने खरे तर धोक्याची घंटा असतात, पण घंटा अहोरात्र वाजत राहिली की आजूबाजूच्या निरोगी पेशींनाच इजा होते. एका मज्जापेशीचा दुसरीशी असलेला जोड तुटतो. आठवणी याच जोडांवर टिकून असतात. दुखावलेल्या पेशींत टाऊचा गुंता वाढतो, पेशी मरतात, त्यांचा कचरा पुन्हा झाडूवाल्यांना चिथावतो. असे हे चक्र सुरू राहते.

बोटाची सूज दुखते म्हणून लक्षात येते. मेंदूतील हा दाह दुखत नाही, ताप आणत नाही, तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा वर्षानुवर्षे धुमसतो.

हा दाह आजाराचे कारण आहे की नुसता परिणाम, यावर बराच काळ वाद होता. 2012 च्या अखेरीस त्याला वेगळे वळण मिळाले. 'ट्रेम-2' नावाच्या जनुकात एक दुर्मीळ बदल असणाऱ्यांना अल्झायमर होण्याचा धोका सुमारे तिप्पट किंवा त्याहून अधिक असतो, असे दोन संशोधक गटांनी दाखवले. मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियातच काम करते. झाडूवाल्याच्या हातातील झाडूच जन्मतः कमजोर असेल तर आजाराचा धोका वाढतो, असा याचा अर्थ. म्हणजे हे शिपाई आजार झाल्यावर जमलेली बघ्यांची गर्दी नाहीत. आजार घडण्यात त्यांचा स्वतःचा वाटा आहे.

आग बाहेरूनही येते

मेंदूभोवती संरक्षक भिंत असली तरी शरीरातील दाहाची वार्ता आत पोहोचते. मधुमेह, उच्च रक्तदाब, पोटावरची चरबी, तंबाखू, हिरड्यांचा जुना आजार, या सर्वांमुळे रक्तात दाहाची रसायने वाढलेली राहतात. मेंदूतील चौकीदार त्यामुळे आधीच चिडलेले असतात.

याचा एक नमुना घरोघरी दिसतो. बऱ्यापैकी सावध असलेली दादी एका रात्रीत बरळू लागते. मुलांना ओळखत नाही, हवेत कोणाशी तरी बोलते. घरचे घाबरतात, कोणी म्हणते असर झाला, कोणी म्हणते डोके गेले. अनेकदा कारण निघते लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा शरीरातील पाणी कमी होणे. संसर्ग छातीत किंवा मूत्रमार्गात असतो, गोंधळ मेंदूत उडतो. असा अचानक झालेला बदल तातडीचा समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. वेळेवर उपचार झाले तर बहुतेक माणसे सावरतात. ज्यांच्या मेंदूत अल्झायमर आधीच शिरलेला असतो त्यांना मात्र असा प्रत्येक धक्का आणखी मागे नेतो. म्हणून वृद्धांच्या साध्या वाटणाऱ्या तापाकडेही दुर्लक्ष नको.

मालेगावचा आवाज आणि धूर

वैद्यकातील नामांकित नियतकालिक 'लॅन्सेट'ने नेमलेल्या तज्ज्ञ आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची 14 अशी कारणे सांगितली, ज्यांवर माणसाला आणि समाजाला काही करता येते. शिक्षण कमी असणे, कमी ऐकू येणे, वाईट कोलेस्टेरॉल, नैराश्य, डोक्याला मार, व्यायामाचा अभाव, मधुमेह, धूम्रपान, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, अतिमद्यपान, एकटेपणा, हवेचे प्रदूषण आणि कमी दिसणे. या सर्वांचा बंदोबस्त झाला तर जगातील सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टाळता येईल किंवा लांबवता येईल, असा आयोगाचा अंदाज आहे.

ही यादी हातात घेऊन आपल्या शहरात एक फेरी मारून पाहावी. मालेगाव यंत्रमागांवर जगते. कारखान्यात शिरताच शेजारी उभ्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. यंत्रमागाच्या शेडमधील आवाज 90 डेसिबलच्या वर सहज जातो, आणि कारखान्यांच्या नियमांनुसार आठ तासांसाठी 90 डेसिबल हीच कमाल मर्यादा आहे. इथे पाळी अनेकदा बारा तासांची असते. तीस-चाळीस वर्षे लूम चालवलेले अब्बा घरी 'काय? काय?' करू लागतात तेव्हा आपण हसून सोडून देतो. पण कमी ऐकू येणारा माणूस हळूहळू गप्पांतून बाजूला पडतो, चौकात बसणे सोडतो, लग्नकार्यात कोपरा धरतो. मेंदूला मिळणारे खाद्यच कमी होते. 2023 मध्ये अमेरिकेतील 70 ते 84 वयाच्या सुमारे हजारभर लोकांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. सगळ्यांचा एकत्रित विचार केला तर श्रवणयंत्राचा फरक दिसला नाही. मात्र ज्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका मुळातच जास्त होता, त्यांची बौद्धिक घसरण श्रवणयंत्राने तीन वर्षांत जवळपास निम्म्याने मंदावली. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना श्रवणयंत्रासारखी साधने देण्यासाठी 2017 पासून केंद्राची 'राष्ट्रीय वयोश्री योजना' आहे. तिची चौकशी करायला काय हरकत आहे? आणि आज लूमवर उभ्या असलेल्या तरुणाच्या कानांत बोळे असतील तर उद्याचा प्रश्नच काही अंशी मिटेल.

कानानंतर श्वास. सायझिंगच्या चिमण्या, जळणारे प्लॅस्टिक, रस्त्यावरची धूळ, कापसाचा कस्तर, हे सगळे आपल्या परिचयाचे आहे. धुरातील अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत दाह निर्माण करतात. नाकाच्या वरच्या भागातील वासाच्या मज्जातंतूंवाटे ते मेंदूपर्यंत पोहोचू शकतात, असेही संशोधन सांगते. मेक्सिको सिटी या धुराने ग्रासलेल्या शहरात संशोधकांना रस्त्यावर वावरणाऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही दाहाच्या खुणा आढळल्या. त्याच हवेत आपली मुले शाळेत जातात. त्यामुळे चिमण्यांचा धूर हा नुसता खोकल्याचा प्रश्न राहत नाही. तो मोहल्ल्याने आणि महापालिकेने मिळून सोडवायचा आहे, एकट्या घराच्या आवाक्यातला नाही.

यादीतील पहिलीच बाब शिक्षणाची आहे, हेही नजरेआड होऊ नये. लहानपणी शिकलेल्या मेंदूत जोडांचे जाळे दाट विणले जाते, आणि पुढे काही धागे तुटले तरी वस्त्र लवकर फाटत नाही. विणकरांच्या शहराला हे वेगळे समजावून सांगायला नको. आज शाळेतून काढलेली मुलगी सत्तरीत या आजाराला अधिक सहज बळी पडू शकते. स्त्रियांत प्रमाण जास्त असण्याची कारणे अनेक आहेत, त्यांत हेही एक आहे.

मग सूज उतरवणारी गोळी घ्यायची का?

दाह हे कारण असेल तर दाहशामक गोळ्या घ्याव्यात, असे कोणालाही वाटेल. शास्त्रज्ञांनाही वाटले होते. संधिवातासाठी अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो, असे 1990 च्या दशकात लक्षात आले. मग अमेरिकेत सत्तरीच्या पुढच्या अडीच हजारांवर लोकांना घेऊन मोठी चाचणी सुरू झाली. हृदयाला धोका असल्याच्या शंकेने डिसेंबर 2004 मध्ये त्या गोळ्या थांबवाव्या लागल्या, आणि स्मृतिभ्रंश टळल्याचेही दिसले नाही. एक शक्यता अशी. झाडूवाल्याचा आरडाओरडा थांबवताना त्याची झाडलोटही थांबली तर काय साधले? आजाराच्या कोणत्या टप्प्यावर या शिपायांना आवरायचे आणि कोणत्या टप्प्यावर बळ द्यायचे, यावर जगभर संशोधन सुरू आहे.

आपल्याकडे पाठ-गुडघे दुखले की मेडिकलमधून गोळी आणून महिनोन्महिने घेण्याची सवय आहे. 'मेंदूलाही फायदा' या आशेने ती वाढू नये. अशा गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि मूत्रपिंडे खराब होऊ शकतात.

हळदीचेही तेच. हळदीतील करक्यूमिन प्रयोगशाळेत दाह कमी करते हे खरे. पण पोटातून ते रक्तात फारच थोडे उतरते, आणि अल्झायमरच्या रुग्णांना 24 आठवडे देऊन पाहिले तेव्हा फरक पडला नाही. सालनात हळद जरूर असावी, औषध म्हणून तिच्यावर विसंबू नये. कोरोनाच्या काळात मालेगावच्या मन्सुरा काढ्याचे नाव दूरवर गेले. तसाच 'दिमाग का काढा' कोणी विकू लागला तर घेण्याआधी एवढेच विचारावे, की याची रुग्णांवर चाचणी कुठे झाली?

डोनेपेझिल आणि मेमँटिन ही औषधे भारतात मिळतात. ती लक्षणे काही काळ सुसह्य करतात, आजार मिटवत नाहीत. अमायलॉइड काढून टाकणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. अगदी सुरुवातीच्या रुग्णांत 18 महिन्यांत घसरण सुमारे 27 टक्क्यांनी मंदावली. पण हे औषध शिरेतून वारंवार द्यावे लागते, महाग आहे, आणि काहींच्या मेंदूत त्यामुळे सूज किंवा बारीक रक्तस्राव होतो. उंबरठा ओलांडला गेला आहे, घर अजून दूर आहे.

सुनेवर आळ

आता सर्वात नाजूक बाब. अल्झायमरमध्ये नवी आठवण आधी पुसते, जुनी बराच काळ टिकते. दादीला मकतबमध्ये पाठ केलेल्या सूरती अडखळल्याशिवाय येतात, फाळणीच्या काळातले किस्से येतात, म्हणून घरचे म्हणतात, 'हिची याददाश्त तर आमच्यापेक्षा तेज!' पण अर्ध्या तासापूर्वी जेवल्याचे तिला आठवत नाही. ती शेजारणीला सांगते, 'बहू सकाळपासून खायला देत नाही.' स्वतःच कुठेतरी ठेवलेली बांगडी सापडत नाही, मग चोरीचा आळ येतो. शेजार विश्वास ठेवतो, नणंदा जाब विचारतात, आणि दिवसरात्र खिदमत करणारी सून गुन्हेगार ठरते.

गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले होते. लोक या अवस्थेला आजार मानत नव्हते. मुलांनी प्रेम दिले नाही, दुर्लक्ष केले, म्हणून असे झाले, अशीच समजूत होती. पुढे गोव्याच्या दोन तालुक्यांतील 81 कुटुंबांवर एक प्रयोग झाला. प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्ते घरी जात, आजार समजावून सांगत, रागावलेल्या किंवा भटकणाऱ्या रुग्णाशी कसे वागावे ते शिकवत. 2008 मध्ये निष्कर्ष आले. सांभाळ करणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला होता. त्यासाठी ना मोठे रुग्णालय लागले, ना परदेशी औषध. असे काम मालेगावच्या प्रत्येक मोहल्ल्यात उभे राहू शकते. आपल्याकडे जमाती आहेत, महिलांचे इज्तिमे आहेत, युनानी वैद्यकाचे महाविद्यालयही आहे.

घरी काय करावे

पहिली पायरी तपासणीची. विसरणे म्हणजे प्रत्येक वेळी अल्झायमर नसतो. थायरॉइड बिघडणे, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, डोक्याला मार लागून साचलेले रक्त, यांनीही स्मृती जाते, आणि हे दोष बऱ्याच प्रमाणात सुधारतात. म्हणून मेंदूविकार किंवा मनोविकार तज्ज्ञाला एकदा दाखवावेच. संध्याकाळ झाली की अस्वस्थ होणे, नसलेली माणसे दिसणे हीसुद्धा आजाराची लक्षणे आहेत. दुआ जरूर करावी, पण झाडफुंकीत महिने दवडू नयेत.

दुसरी पायरी रोजच्या जगण्याची. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे, तंबाखू-गुटखा बंद करणे, दात-हिरड्यांची निगा, आठवड्यातून किमान 150 मिनिटे चालणे, पुरेशी झोप, ताटात डाळी, भाज्या, फळे जास्त आणि तळण-गोड कमी. पायी मशिदीत जाणे आणि नमाजनंतर दोन माणसांशी बोलणे, यांत व्यायामही आहे आणि एकटेपणावरचा उपायही. रमजानमध्ये औषधांच्या वेळा आणि रोजे यांचा मेळ कसा घालावा, हे आधीच डॉक्टरांना आणि आलिमांना विचारून ठरवावे. ज्याची समज राहिली नाही त्याच्यावर दीन ओझे टाकत नाही. अब्बांना चौथ्यांदा वुजू करावासा वाटला तर वाद घालू नये, जमेल तर हात धरून बसवावे.

तिसरी पायरी वागण्याची. 'आत्ताच तर सांगितले!' हे वाक्य घरातून हद्दपार करावे. प्रश्न पाचव्यांदा आला तर उत्तर पाचव्यांदा द्यावे. वस्तूंच्या जागा बदलू नयेत, खिशात घरचा पत्ता आणि फोन नंबर असलेली चिठ्ठी असावी, गॅसवर लक्ष असावे. मिळकतीचे आणि बँकेचे व्यवहार समज शाबूत असतानाच सर्व भावंडांसमोर मार्गी लावावेत. नंतर घेतलेला अंगठा घरेही फोडतो आणि गुनाहही पदरात टाकतो.

आणि सांभाळणाऱ्यालाही विसावा हवा. एकाच सुनेच्या किंवा मुलीच्या माथी सगळे न टाकता मुलांनी दिवस आणि रात्री वाटून घ्याव्यात. सल्ल्यासाठी टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सरकारी सेवा 14416 वर आहे, वृद्धांसाठीची एल्डरलाइन 14567 वर.

माणूस जाणता झाल्यावर पुन्हा अजाणता होण्याच्या वयाचा उल्लेख कुरआनात आहे, आणि त्या वयाला पोहोचलेल्या आईबापांपुढे 'उफ्'सुद्धा न काढण्याची ताकीदही. आपण लहान असताना एकच प्रश्न शंभरदा विचारला, तेव्हा कोणी आपल्याला 'सठिया गया' म्हटले नव्हते. मेंदूतील निखारे विझवणारे औषध शास्त्रज्ञ शोधत आहेत, ते इन्शाअल्लाह सापडेलही. तोवर घरातील धग कमी करणे आपल्या हाती आहे, आणि त्याची सुरुवात सुनेवरचा आळ पुसण्यापासून व अब्बांचे कान तपासून घेण्यापासून होऊ शकते.